डाल्याखालचा मूग

हिंगोलीला निघाले म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी लगेच हात जोडले. "औंढ्या नागनाथाला ना? माझाही नमस्कार सांग." मी म्हटलं, "काकू, देव रस्त्यात आहे, पण मी चाललेय पिवळी पानं बघायला." काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अगं, मग आमच्या पिवळ्या पडलेल्या कढीपत्त्यानं काय पाप केलंय?"

तसं बघितलं तर काकूंचं चुकलं नव्हतं. पण मला हवी होती ती पानं मुगाची होती, आणि तीही एकाच शेतातली. म्हणून ऐन श्रावणात पुण्याहून एवढी दूर गेले. जाऊन आल्यापासून भेटेल त्याला ही हकीकत सांगत सुटले आहे. आता घरातले माझं बोलणं सुरू झालं की पाणी प्यायला उठतात, तेव्हा लिहिलेलं बरं.

आधी थोडं कामाचं सांगते, कंटाळू नका. मुगावर एक विषाणू पडतो. पांढरी माशी या झाडाचा रस पिऊन त्या झाडावर बसली की तिच्या तोंडातून तो पोचतो, आणि पानं पिवळीजर्द होतात. शेतकरी त्याला पिवळा केवडा म्हणतात. माझी आई म्हणायची, "लोकांच्या पोरी हळदीला बसतात, आमची हळदीसारख्या पानांत बसलीये." गेली कित्येक वर्षं मी याच विषाणूच्या मागे आहे, आणि खरं सांगते, शत्रू असला तरी त्याच्यावर माझा जीव आहे.

कारण त्याचा कारभार! जवळ जनुकं मोजकीच, बोटांवर मावतील एवढी. बाकी सगळं सामान झाडाच्या पेशीतलं, फुकट वापरलेलं. पण हा बेटा सगळी जनुकं एकदम चालू करत नाही. आधी आपल्या नकला काढून घेतो, आणि मग वेळ बघून अंगावरचं कवच तयार करणारी जनुकं जागी करतो. ती जागी करायचं काम एका लहानशा प्रथिनाकडे असतं. त्या प्रथिनाच्या पोटात जस्ताचा एक अणू चार जागी पकडून धरलेला असतो. जस्त म्हणजे आपल्या बादलीवर चढवतात तेच. जस्त हाताशी असेल तर प्रथिनाला घडी पडते, आकार येतो. मग ते जनुकं जागी करतं, वर झाडाचा पहारेकरी, म्हणजे रोगाशी लढणारी त्याची यंत्रणा, तीही झोपवतं. जस्त सुटलं की सगळं ढिलं. एवढासा धातू, आणि अख्ख्या रानाचा रंग पालटतो. चोर खराच, पण काय कारागीर आहे!

तर आदल्या वर्षी पुसेगावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या रहीम गुरुजींनी मला एक पान पाठवलं होतं. आमची ओळख एका शिबिरातली. जवळच्या तांड्यावर एक मुगाचं झाड आधी पिवळं पडलं आणि मग शेंड्याला पुन्हा हिरवं फुटलं, असं त्यांनी फोनवर सांगितलं. त्या पानातल्या विषाणूची जनुकं मी वाचली आणि खुर्चीतून उठलेच. जस्त धरायच्या चार जागांपैकी एक बदललेली होती! म्हणजे पकड सुटली, पहारेकरी जागा झाला आणि झाड सावरलं, असं मला वाटलं. आमच्या प्रयोगशाळेच्या सरांना नाही वाटलं. "एका पानावर काय नाचतेस? वाचताना चूक झाली असेल. त्याच रानात यंदा तसंच दुसरं झाड मिळालं तर बोलू. नाहीतर हा विषय गुंडाळ." पोळ्याच्या आत मूग निघतो. म्हणजे जायचं तर आत्ताच, आणि नाही मिळालं तर इतक्या वर्षांत हाताला लागलेली एकमेव खरी गोष्ट पेटीत बंद.

हिंगोली

पानं थंड राहावीत म्हणून थर्माकोलची पेटी नेली होती, बर्फ तिथंच घ्यायचा होता. रिक्षावाला गप्पिष्ट होता. "मॅडम, अब हिंगोली खुद जिला हो गया. पहले हर काम के लिए परभणी भागना पडता था." जिल्हा नुकताच झालेला, त्याच्या बोलण्यात नव्या घरात राहायला आलेल्या माणसाचा आनंद होता. त्यानं मला सोडावॉटरच्या दुकानापाशी नेलं. दुकानदारानं पेटी बघितली आणि आवाज खाली आणून विचारलं, "मासे हायेत का?"

"नाही, मुगाची पानं ठेवायची आहेत."

"मुगाची?" त्यानं रिक्षावाल्याकडे बघितलं. रिक्षावाल्यानं 'पुण्याच्या आहेत' एवढंच सांगितलं, आणि तेवढ्यानं त्याचं समाधान झालं. बर्फ त्यानं लाकडाच्या भुशात घालून, गोणपाटात बांधून दिला. वर म्हणाला, "पेटी सारखी उघडू नका, बराबर संध्याकाळपोत टिकतो." समोरच्या गाड्यावर गरम मिरचीची भजी निघत होती. आमच्याकडे भज्यात मिरची असते, इथे मिरचीला नावापुरतं भजं लावतात. नाकाडोळ्यांतून पाणी काढत मी पुसेगावच्या गाडीत चढले.

पुसेगाव

रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळं रान, मधूनच बुटक्या टेकड्या. कापूस गुडघ्याला आलेला, सोयाबीन दाटलेलं, आणि अधूनमधून मुगाचे पट्टे. त्यातले काही पट्टे पिवळे दिसले की मी खिडकीतून मान बाहेर काढायची. शेजारची बाई शेवटी म्हणालीच, "मॅडम, उलटी व्हऊन राहिली का?"

रहीम गुरुजी स्टँडवर छत्री घेऊन उभे होते. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला पेन. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. त्यांचा भाऊ बैलांच्या झुली शिवतो. "तकलीफ तो नहीं हुई?" असं हिंदीत विचारून ते लगेच मराठीवर आले. "आधी दोन घास खायचे, मंग रान."

भाभींनी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि आंबट वरण वाढलं. आमच्या घरी पाहुण्याला 'वाढू का?' विचारायची रीत आहे. इथे विचारत नाहीत. तुम्ही हात आडवा धरलात तर हातावर भाकरी पडते. तिसऱ्या भाकरीला मी काकुळतीला आले तेव्हा भाभी हसून म्हणाल्या, "इतनेसे में क्या पढाई करते होंगे तुम लोग!"

हात पुसत गुरुजी म्हणाले, "त्या रानाच्या मालकाला, परसरामला, मी आधीच निरोप धाडला. म्हणलं, पुन्याच्या मॅडम तुमचं रान बघाया येऊन राहिल्यात. लई खुश झाला."

मलाही तेव्हा हे ऐकून बरंच वाटलं.

तांडा

परसरामभाऊंचा तांडा गावापासून चालत जाण्याएवढा. यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून देशभर हिंडायचे. आता सगळे शेती करतात. आम्ही पोचलो तेव्हा तांड्यावर तीज चालू होती. म्हणजे श्रावणात कुमारिका दुरड्यांमध्ये काळी माती भरून गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात, आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास ते वाढलेले कोंब वाजतगाजत काढतात. दुरड्या उंच मांडवावर ओळीनं ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीत बोटभर उंचीचा दाट हिरवा गहू. मी बघतच राहिले. आमच्या प्रयोगशाळेत मी ट्रेमध्ये मूग उगवते, हवामान यंत्रानं राखते, आणि तरी निम्मे कोंब माना टाकतात. या पोरींच्या दुरड्यांत एक कोंब वाकडा नव्हता. मी एकीला विचारलं, "काय घालता गं यात?" ती लाजून म्हणाली, "पानी. आन्‌ गाणं."

परसरामभाऊ पुढे आले. नवा सदरा, टोपी, चेहऱ्यावर यजमानाचा रुबाब. मागे त्यांची बायको चंदाबाई, ठेंगणी, तुरतुरीत, डोळ्यांत सतत काहीतरी विचारल्यासारखं. "राम राम मॅडम. चला, रान बघा," भाऊ म्हणाले, "बघतच राहता का न्हाई ते सांगा."

बांधावर पोचले आणि खरंच बघत राहिले. समोर मूग हिरवागार, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एक पान पिवळं नाही! मधून मधून ओळीत मोकळ्या जागा होत्या आणि तिथली माती ताजी उकरलेली होती.

"भाऊ," मी विचारलं, "पिवळी झाडं कुठंत?"

"उपटली!" भाऊंनी छाती काढली. "सारी घरची मानसं लागली व्हती. तुमी इतक्या लांबून येऊन राहिल्या, आन्‌ तुमाला रोगट रान दाखवावं? पाव्हनं यायचं म्हणल्यावर आंगन झाडतो, तसं रान झाडलं."

रहीम गुरुजींनी छत्री मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. "या अल्ला," ते हळूच म्हणाले, "मॅडम कशाला येऊन राहिल्या ते मी सांगितलंच न्हाई."

माणसांनी माझ्यासाठी उन्हात कमरा मोडल्या होत्या. घरी पाहुणे आले की आपण पसारा पलंगाखाली ढकलतो, आणि यांनी माझ्यासाठी अख्खं शेत आवरलं होतं. रडावं की त्यांच्या पाया पडावं, कळेना. शेवटी एवढंच विचारलं, "उपटलेली झाडं कुठं टाकली?"

"बकऱ्यांला."

मग मी जे केलं ते तांड्यावरच्या पोरी अजून एकमेकींना सांगत असतील. साडी खोचून मी बकऱ्यांकडे धावले. एका काळ्या बकरीच्या तोंडातून मुगाची काडी लोंबत होती. मी एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. बकरीनं माझ्याकडे असं बघितलं की मीच तिच्या ताटात हात घातलाय. काडी निम्मी माझ्या हातात आली. शेंड्यापर्यंत पिवळीच होती, म्हणजे विषाणूची पकड शाबूत असलेली. असली झाडं पुण्याच्या वेशीवर पोत्यानं मिळतात. मला हवं होतं ते आधी पिवळं पडून मग सावरलेलं झाड.

तरी आशा सुटेना. मी सगळं रान ओळीओळीनं पालथं घातलं. बांधालगत कोंबडीचं एक डालं पालथं घातलेलं होतं, वर दगड. त्यावर मी माझी बर्फाची पेटी टेकवली. "यात काय आहे?" मी सहज विचारलं.

"खुडूक कोंबडी," चंदाबाई चटकन म्हणाली, आणि तिथून जी निघाली ती थेट चुलीपाशी. दुपारभर मी फिरत होते, आणि पाणी प्यायला आले की त्याच डाल्याला टेकून उभी राहत होते. हाताला काही लागलं नाही. सगळी झाडं ठणठणीत निरोगी. आयुष्यात निरोगी झाडांचा एवढा राग कधी आला नव्हता.

जेवायला आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटात बसलो. भाकरी, मुगाच्या कोवळ्या शेंगांची भाजी, ठेचा आणि तिजेचा म्हणून तुपातला चुरमा. घास गोड लागत होता, आणि तरी गिळवत नव्हता. चंदाबाई माझ्याकडे टक लावून बघत होती. शेवटी तिनं विचारलंच, "मॅडम, चांगलं रान टाकून तुमाला रोगट झाडच काहून पायजे?"

आता हिला काय सांगू? जनुक म्हणू, प्रथिन म्हणू? तेवढ्यात तिच्या कमरेची पिशवी दिसली. काचा आणि कवड्या लावलेली, जुनी, सुंदर. तिच्या आईनं, ती म्हणाली तसं तिच्या 'याडीनं', शिवलेली. तोंडाशी चार दोरे होते आणि चारी एका धातूच्या मण्यातून ओवलेले. मणी सरकवला की पिशवीचं तोंड आवळतं.

"बघ चंदाबाई," मी ती मागून घेतली, "पानात रोग शिरतो ना, त्याच्याकडे अशी एक पिशवी असते. हा मणी जस्ताचा. चारी दोरे मण्याला धरून आहेत तोवर पिशवीला आकार आहे, आणि रोगाची हुकमत आहे. तो झाडाला सांगेल तसं झाड नाचतं. पण चारातला एक दोरा तुटला तर?"

तिनं पिशवी परत घेतली. एक दोरा मण्यातून ओढून काढला. तोंड एका बाजूनं लोंबलं. "तोंड मिटत न्हाई," ती म्हणाली.

"तसंच. रोगाचा हुकूम चालेनासा होतो, आणि झाड सावरतं. खाली पिवळं, वर हिरवं. असं एक झाड मला हवं होतं. गेल्या साली तुमच्याच रानात होतं. यंदा मिळालं असतं तर लोकांनी माझं खरं मानलं असतं. आता नाही मानणार."

चंदाबाईचा दोऱ्यावरचा हात थांबला. तिनं नवऱ्याकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं, आणि मान खाली घातली. मी हात धुतले, परसरामभाऊंचा निरोप घेतला आणि पेटी उचलायला बांधाकडे गेले. पेटीला हात घालणार तोच मागून चंदाबाई धावत आली.

"मॅडम, रागावू नका. माझ्या हातून एक चुकी झाली."

"कसली चुकी?"

"यायनं सारी उपटा म्हणून सांगितलं व्हतं. मी एक राखलं." मागे नवरा येऊन उभा होता. तिनं त्याच्याकडे न बघताच दगड बाजूला केला. "तुमाला दिसू नये म्हणून झाकलं. कोंबडी-बिंबडी काही न्हाई."

आणि तिनं डालं उचललं.

खाली मुगाचं एकच झाड होतं. बुडाची पानं पिवळ्या डागांनी भरलेली, मधली जेमतेम, आणि शेंड्याला कोवळी, तुकतुकीत, निखळ हिरवी पानं. वर एक फूलसुद्धा! मी मातीत बसकण मारली. दुपारभर माझी पेटी मी याच्याच डोक्यावर ठेवून हिंडत होते.

"बये," मी म्हटलं, "हे का राखलंस?"

ती अपराध्यासारखी पुटपुटली, "उपटाया हात घातला व्हता. पन वरून हिरवं फुटून राहिलं व्हतं. सुधारून राहिलेल्याला कोन उपटते मॅडम? हात झाला न्हाई."

मी तिला मिठीच मारली. परसरामभाऊ आधी चक्रावले, मग मोठ्यानं हसले. "म्हंजी सारं रान झाडलं ते बेकार, आन्‌ हिनं कामचुकारी केली तीच कामाची!"

"बेकार नाही भाऊ," मी म्हटलं. "तुम्ही उपटली नसती तर त्या सगळ्या पिवळ्यात हे झाड मला दिसलंही नसतं." हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही, ते खरंच होतं.

मी कात्री काढली. चंदाबाई घाईनं मध्ये आली. "मुळासकट न्याचं का?" न्यायचं ठरवूनच तर आले होते. पण तिच्या तोंडाकडे बघून म्हटलं, "नको. मला चार पानं पुरेत." वरची दोन, खालची दोन कापून बर्फात ठेवली. तिनं झाडावर डालं पुन्हा घातलं, आणि या खेपेला वर दगड ठेवताना ती हसत होती.

औंढा

परतीच्या गाडीला मध्ये वेळ होता म्हणून औंढ्याला उतरले. काकूंचा नमस्कार पोचवायचा होता. श्रावणातली गर्दी, काळ्या दगडातलं देऊळ, आणि त्या दगडावर वितेवितेला कोरलेली माणसं-जनावरं. कुणा कारागिरांनी एवढ्याशा जागेत एवढं मांडलं, बघून मान दुखते पण मन भरत नाही. लिंग खाली तळघरात आहे, वाकून, जवळजवळ बसून उतरावं लागतं. पेटी छातीशी धरून मी तशीच उतरायला निघाले, तर दारातली फुलवाली ओरडली, "बाई, बेल घरून आनला का डब्यात?"

"बेल नाही, मूग आहे."

"देवाला मूग?" तिनं गालाला हात लावला. पेटी तिच्यापाशी ठेवायची सोय नव्हती, बर्फ वितळत होता. मी पेटीसकट दर्शन घेतलं. देवाकडे सहसा काही मागत नाही, त्या दिवशी मात्र पेटीकडे बोट दाखवून मागितलं.

आणि मग पुणं

विषाणूची जनुकं वाचून हातात यायला दिवाळी उलटली. कागद समोर आला तेव्हा मी आधी डोळे मिटून घेतले. मग बघितलं. चारातली तीच जागा, तोच बदल, जसाच्या तसा. सरांच्या टेबलावर दोन्ही वर्षांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी दोन्ही कागद ताडून बघितले, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "आता नाच."

मी आधी रहीम गुरुजींना फोन लावला आणि चंदाबाईला त्यांच्या घरी बोलवायला सांगितलं. ती आली तेव्हा धावत आल्यासारखी धापा टाकत होती.

"चंदाबाई, तेच निघालं! तोच दोरा तुटलेला!"

"व्हय?" पलीकडे काकणं वाजली. "लई चांगलं झालं. झाडाला शेंगा धरल्या व्हत्या. सारं बी येगळं बांधून ठिवलं म्या, तुमच्या नावानं."

मी म्हटलं, "पुढच्या श्रावणात येते गं न्यायला."

"या की, घर तुमचंच हाय," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पन मॅडम, आधी निरोप धाडू नका. निरोप आला की आमाला रान झाडल्याबिगर राहवत न्हाई."